वास मारतोय, म्हणजे नेमके काय?
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींनी नाक मुरडले असेल. हरकत नाही, आज कामाला नाकच लावायचे आहे.

गेल्या वर्षी आनंदमेळ्यात आम्ही दोघांनी घरी केलेल्या केशतेलाच्या तीस बाटल्या ठेवल्या होत्या. खोबरेल तेल, त्यात जास्वंद, कढीपत्ता, माका. सगळे ताजे, पोलोग्राउंडच्या घरामागच्या वाफ्यातले. बाटल्या दोन तासांत संपल्या. बाराव्या दिवशी पहिला फोन आला, "अरे, तुझ्या तेलाला वास मारतोय रे." मग रांगच लागली. आम्ही घरोघर जाऊन पैसे परत केले. एका काकूंनी पैसे घेतले नाहीत. बाटली फेकून दिली, एवढेच म्हणाल्या. ते जास्त लागले.

चूक कुठे झाली? पाने फडक्याने पुसली की कोरडी झाली, असे आम्ही समजलो. पण पाणी पानाच्या पोटात असते. तेल कढताना जी तडतड होते, बुडबुडे येतात, ते पाणीच बाहेर पडत असते. आवाज थांबून पाने कुरकुरीत झाली की ते संपले. आम्ही तेलाला हिरवा रंग राहावा म्हणून आधीच गॅस बंद केला. वर, सकाळी धुतलेल्या बाटल्या संध्याकाळी भरल्या. तळाशी दोन-चार थेंब राहिलेच असणार. आता आम्ही पाने सावलीत खडखडीत वाळवतो, तेल गाळून, झाकण न घालता, नुसते फडके टाकून निवू देतो. गरम तेलावर झाकण घातले की वाफेचे पाणी परत आत पडते.

मराठीत वासाला शब्द भरपूर आहेत आणि निदान त्यातच आहे. खवट वास म्हणजे तेलाला हवा लागली. जवस, सूर्यफूल, बदाम ही तेले लवकर खवट होतात. खोबरेल बराच काळ टिकते, कारण त्यातली सुमारे ९० टक्के स्निग्धाम्ले संपृक्त असतात. मात्र त्यात पाणी राहिले तर त्यालाही साबणासारखा वास येतो. उजेड, उष्णता, तांब्या-लोखंडाचा अंश यांनी खवटपणा वाढतो. आमच्या खात्यात ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचेही हेच दुखणे. म्हणून आत जाणारी हवा सिलिका जेलमधून कोरडी करून घेतात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. घरच्या बाटलीला अशी सोय नाही, तेव्हा बाटली लहान, गडद रंगाची आणि काठोकाठ भरलेली बरी. आणि जुन्या तेलाच्या तळात नवे ओतू नका. जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो.

कुबट वास म्हणजे बुरशी. उटण्यात ही खोड संत्र्याच्या सालीची आणि गुलाबपाकळ्यांची. सियागंजातून आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी कितीही उत्तम आणा, भाद्रपदाच्या दमट हवेत दळले की पीठ ओल धरते. आमच्या घरी आता पाऊस उघडून ऑक्टोबरचे ऊन पडल्याशिवाय कोणी जात्याला, म्हणजे मिक्सरला, हात लावत नाही.

आंबूस किंवा कुजका वास आला तर जंतू. कोरफडीचा गर, जवसाचे जेल, दह्याचा लेप, गुलाबपाणी घातलेले क्रीम. जिथे पाणी तिथे हे आलेच. अनेक भगिनी क्रीममध्ये ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडतात. ती तेलाचा खवटपणा लांबवते, जंतूंना काही करत नाही. असले लेप फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावेत. वास नाही म्हणजे ते चांगलेच, असेही समजू नका. डोळ्यांजवळ तर मुळीच लावू नका. आणि वरून अत्तर घालून वास दाबणे? तेही आम्ही करून पाहिले. दुसऱ्या दिवशी अत्तराचा आणि खवट असे दोन वास येत होते.

एक राहिले. प्रसाधने विकण्यासाठी बनवायची तर १९४०चा औषधे व प्रसाधने कायदा आणि २०२०चे नियम यांप्रमाणे परवाना लागतो. सरकारी नोकरीत असून आम्हाला हे तीस बाटल्या विकल्यावर कळले! यंदा स्टॉल नाही, तेल घरच्यापुरतेच.

मागच्या टेबलावर चार बाटल्या ठेवल्या आहेत. झाकण उघडून वास घ्या आणि कोणता ते सांगा. तिसरी गेल्या वर्षीची आहे, ती जरा लांबूनच.