नाशिकरोडचा भोंगा

नाशिकरोडला वाढलेल्या मुलाला एक विनोद जन्मभर ऐकावा लागतो. वडील प्रेसमध्ये आहेत म्हटलं की समोरचा डोळे मिचकावतो, "मग काय, तुमच्या घरी नोटाच छापतात!" महिनाअखेरीला आमच्याकडेही वाण्याची उधारी असे, हे कुणाला सांगणार?

प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि शेजारचा करन्सी नोट प्रेस. आमचं घड्याळ त्यांच्या भोंग्यावर चाले. त्याआधी पोस्टाची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. १९२६ मध्ये नाशिकची तिकिटं निघाली, १९२८ मध्ये नोटा सुरू झाल्या आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा इथेच होऊ लागल्या. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं 'जय हिंद', तेही नाशिकचंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९४६ साली तिथे लागले. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. कामाबद्दल घरात चकार शब्द नाही. निवृत्तीनंतर एकच गोष्ट त्यांनी सांगितली. फाळणी झाली, पण पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. मग नाशिकलाच आपल्या नोटांवर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरं छापली गेली. चित्र सहाव्या जॉर्जचं, सही आपल्या अधिकाऱ्याची. १ एप्रिल १९४८ पासून त्या नोटा तिकडे चालू झाल्या. ऑक्टोबरपासून पाकिस्तानच्या स्वतःच्या नोटा आल्या. सीमेवर रक्ताचे पाट वाहून वर्षही झालं नव्हतं. "आमचा एक सोबती लाहोरहून सगळं सोडून आला होता," अण्णा म्हणाले, "तोही त्या गड्ड्या मोजायला बसला. एक शब्द बोलला नाही."

छपाई आपली झाली, पण कागद कित्येक वर्षं विलायतेचाच. साधा कागद चालत नाही. कापसाच्या तंतूंचा, आत जलचिन्ह आणि सुरक्षा धागा असलेला लागतो. १९६८ मध्ये होशंगाबादला, आताच्या नर्मदापुरमला, त्याची गिरणी निघाली. तिचा कागद पुरत नसे, म्हणून आयात चालूच राहिली. १९९७-९८ मध्ये तर टंचाईमुळे छापील नोटाच परदेशी कंपन्यांकडून घ्याव्या लागल्या. प्रेसच्या माणसांना ते फार लागलं. अण्णा त्या दिवशी जेवताना पानावरून उठले होते. पुढे म्हैसूरलाही कागदाचा कारखाना झाला, पण ते पाहायला अण्णा नव्हते.

निवृत्तीनंतरही वाण्याने सुटे दिले की ते नोट उजेडाकडे धरत. वाणी ओशाळे, "अण्णा, खोटी नाही हो ती!"

"माहीत आहे रे," अण्णा म्हणत, "छपाई बघतोय."