परदेशी विक्रीसाठी संकेतस्थळाचे नाव निवडताना

(परळ, मुंबई येथे आंबा बागायतदार व फळप्रक्रिया करणाऱ्या उत्पादकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या परळात जमलो आहोत, तेथे कोकणातील आंब्याची थेट विक्री काही नवी नाही. गिरण्या चालू होत्या त्या काळी गावाकडची पेटी एसटीच्या टपावरून येथे उतरायची, चाळीतला भाऊ ती खांद्यावरून घरी न्यायचा आणि आपल्या खात्यातल्या चार जणांना डझनावारी द्यायचा. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. घेणारा माणसाला ओळखत होता, म्हणून आंब्यावर विश्वास ठेवत होता.

आता त्याच घरांतील मुले दुबईला, लंडनला, न्यू जर्सीला आहेत. त्यांचे शेजारीही आपला आमरस, आंबापोळी, कोकम मागू लागले आहेत. पण हे शेजारी आपणांस ओळखत नाहीत. त्यांना मोबाईलच्या पडद्यावर फक्त एक ओळ दिसते : दुकानाचे नाव आणि त्यापुढे टिंब देऊन लिहिलेली दोन-चार अक्षरे. या सबंध ओळीला डोमेन म्हणतात. टिंबापुढच्या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला शेपूट म्हणू.

बरेच उत्पादक विचारतात, ‘आमचे दुकान डॉट इनवर चालते. आता माल बाहेर पाठवायचा आहे. डॉट कॉम घ्यावे, डॉट शॉप घ्यावे, की ज्या त्या देशाचे घ्यावे?’ माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या नावाचे डॉट कॉम मोकळे असेल तर ते घ्यावे व तेच मुख्य दुकान करावे. डॉट इन सोडू नये. ते उघडणारा माणूस आपोआप डॉट कॉमवर पोहोचेल अशी जोडणी करावी. परक्या देशाचे शेपूट मात्र तेथे माल ठेवण्याची व तक्रार ऐकण्याची सोय झाल्याशिवाय घेऊ नये.

याचे कारण पाहू. सर्वच शेपटे सारखी नसतात. याच परळमधील टाटा रुग्णालयाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे. हे रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे असल्यामुळे ते शेपूट त्यास मिळते. तुम्हा-आम्हाला पैसे मोजूनही मिळणार नाही. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर जाण्यास सांगितले, तेही खोट्या संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून. डॉट कॉमचे तसे नाही. ते जगात कोणासही मिळते. आपल्या राज्याच्या कृषी पणन मंडळाचाही पत्ता डॉट कॉमच आहे. तेव्हा डॉट कॉममुळे विश्वास मिळतो असे नाही. पण ते 1985 पासून वापरात आहे, कोणत्याही देशातल्या माणसाच्या तोंडी बसलेले आहे आणि एका देशाशी बांधलेले नाही. हे शेवटचे आपल्या कामाचे आहे.

डॉट इन हे भारताचे शेपूट. पूर्वी ते मिळवणे किचकट होते. 2005 पासून ते सर्वांना खुले झाले व त्याचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. देशातील विक्रीसाठी ते उत्तमच आहे. अडचण अशी की गूगलसारखी शोधयंत्रे देशाचे शेपूट पाहून हे दुकान त्या देशातील गिऱ्हाइकांसाठी आहे असे धरून चालतात. लंडनमधील बाईने हापूसचा रस शोधला तर तिच्यापुढे डॉट इनचे दुकान मागे पडण्याचा संभव असतो. शिवाय ते दिसले तरी ‘हे लोक माझ्याकडे पाठवतील का?’ ही शंका तिच्या मनात येतेच.

मग सरळ ब्रिटनचेच शेपूट का घेऊ नये? डॉट यूके परदेशी माणसासही घेता येते. पण डॉट यूके पाहणारा पौंडात किंमत, दोन-तीन दिवसांत घरपोच माल आणि तेथला फोन यांची अपेक्षा ठेवतो. तुमची पेटी रत्नागिरीहून निघणार असेल तर पहिल्याच खेपेला त्याचा विरस होईल. काही देश तर परक्यांना शेपूट देतच नाहीत. ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका यांच्या शेपटांसाठी त्या देशाशी खरा संबंध दाखवावा लागतो. युरोपीय संघाच्या डॉट ईयूची गोष्ट तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील हजारो लोकांची डॉट ईयू नावे 2021 च्या आरंभी बंद पडली. त्यांनी पैसे भरले होते, चूक काही केली नव्हती. पण शेपूट दुसऱ्याच्या नियमाचे होते.

त्यापेक्षा डॉट कॉमच्या एकाच घरात देशवार खोल्या कराव्यात. एक खोली दुबईची, तीत दिरहॅममधील किंमत; एक ब्रिटनची, पौंडातली. हे काम संकेतस्थळ करणारा मुलगा थोड्या खर्चात करून देतो.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. शेपूट कोणतेही घ्या, त्याने माल सीमेपलीकडे जात नाही. अमेरिकेने 2007 साली आपला आंबा घेण्यास सुरुवात केली ती विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. ताजी पेटी कुरिअरने पाठवून भागत नाही. युरोपीय संघाने मे 2014 मध्ये फळमाशीमुळे हापूस थांबवला व जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवली. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरील करमाफी काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्यालाही तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली. अशा वेळी एका देशाच्या शेपटावर सारा धंदा बांधलेला असेल तर ते दुकान नुसते बसून राहते. डॉट कॉमवाला ती एक खोली बंद करून दुसरीकडे लक्ष घालू शकतो.

डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट फार्म ही शेपटे 2013 नंतर बाजारात आली. वाईट नाहीत. डॉट कॉम मिळतच नसेल तर विचार करावा. पण पहिल्या वर्षीचा दर पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर आधी विचारा. तो कित्येकदा बराच चढा असतो.

आता नावाविषयी. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्याच भागातील आंब्याला ते लागू आहे. म्हणून ‘हापूस’ शब्द असलेले डोमेन दुसरा घेऊच शकणार नाही, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी 1999 पासून जे नियम आहेत, त्यांत ट्रेडमार्क पाहतात. नुसते मानांकन पुरत नाही. इटलीतील पार्मा हॅमच्या उत्पादक संघाने स्वतःच्या मालाच्या नावाचे डॉट कॉम मिळावे म्हणून 2000 साली तक्रार केली, ती फेटाळली गेली. डॉट वाईन हे शेपूट निघाले तेव्हा द्राक्ष पिकवणाऱ्या फ्रान्सने 2014 मध्ये लंडनच्या बैठकीत मोठा विरोध केला, कारण त्यांच्या गावांची नावे कोणीही तिसरा घेऊ शकला असता. 2015 मध्ये तडजोड झाली. ज्यांच्यामागे सरकार उभे होते त्यांना एवढे झगडावे लागले!

उलट स्वतःची खूण असेल तर न्यायालय पाठीशी उभे राहते. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ या मुंबईच्या कंपनीने एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या ‘रॅडिफ’ नावाविरुद्ध दाद मागितली व न्यायालयाने ती मान्य केली. म्हणून केवळ ‘हापूस’ किंवा ‘देवगड’ यावर विसंबू नका. आपल्या बागेचे वेगळे नाव ठेवा आणि त्याचा ट्रेडमार्क करा : ताज्या फळासाठी वर्ग 31, गरासाठी वर्ग 29, रसासाठी वर्ग 32.

हे नाव इंग्रजी अक्षरांत एकाच रीतीने लिहिता यावे. परळच पाहा. आपला ‘ळ’ इंग्रजीत नाहीच. कोणी पी-ए-आर-ई-एल लिहितो, कोणी पी-ए-आर-ए-एल. लालबागचा चिवडा विकणाऱ्याने शेवटी जी-एच लावले तर गिऱ्हाईक बंगळूरच्या बागेत जाऊन पोहोचेल. हापूसही कोणी यू घालून लिहितो, कोणी दोन ओ घालून. नाव फोनवर एकदा सांगावे आणि समोरच्याने न विचारता बरोबर लिहावे. घरातील चार जणांवर ही परीक्षा करून पाहा. दोन रीती संभवत असतील तर दोन्ही घेऊन ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. नाव कोणाच्या खात्यावर आहे? मला ठाऊक असलेल्या एका बागायतदार गटाचे डोमेन संकेतस्थळ करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. त्याने धंदा बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर जात राहिल्या आणि ऐन एप्रिलमध्ये दुकान बंद पडले. पेट्यांवर छापलेला पत्ता फुकट गेला. ते नाव त्यांना परत मिळाले नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर विक्रेता कंपनीच्या नियमानुसार जास्तीत जास्त 45 दिवस, पुढे दंड भरून सोडवण्यास 30 दिवस मिळतात. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळे होते आणि टपून बसलेला कोणी ते उचलतो. विक्रेत्याने मुदतीआधी एक महिना व एक आठवडा सूचना द्यावी असा नियम आहे, पण ती ज्या ई-मेलवर येते तो तुमचा हवा. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. आणि नाव शक्यतो पावसाळ्यात घ्या, म्हणजे नूतनीकरणाची तारीख हंगामात येणार नाही.

डॉट इनवरून डॉट कॉमवर जाणेही पावसाळ्यातच उरकावे. जुन्या पत्त्यावरची जोडणी निदान वर्षभर ठेवा असे गूगल सांगते. मी म्हणेन, कायम ठेवा. जुन्या पेटीचे झाकण लोक वर्षानुवर्षे सांभाळतात. पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीलाही नवा पत्ता आधी कळवावा, नाहीतर ऐन वेळी पैसे अडकतात.

येथे एका बागायतदारांनी विचारले आहे की डॉट भारत घ्यावे काय. हे देवनागरी शेपूट 2014 मध्ये सुरू झाले, त्यात सबंध पत्ता मराठीत लिहिता येतो. जरूर घ्या, आपल्या पेटीवर शोभून दिसेल. परंतु दुबईच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर देवनागरी कळफलक नसतो आणि त्या पत्त्यावरचा ई-मेल सगळीकडे पोहोचेलच याची खात्री नाही. तेव्हा तेही डॉट कॉमलाच जोडून द्यावे.