एकसारखा श्वास

1883 साली जर्मनीत लायडेन या डॉक्टरांनी न्यूमोनियाचे जंतू शोधण्यासाठी रुग्णाच्या फुफ्फुसात सुई घातली, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. आज सीटी स्कॅनमुळे आम्हां डॉक्टरांना वाटाण्याएवढी गाठही दिसते आणि तपासणीसाठी सुईने तिचा तुकडा काढता येतो. परंतु दिसणारे ते चित्र एका श्वासाचे असते, याचा मात्र विसर पडतो.

पाळणा हलतो आहे आणि आईला बाळाच्या गालावर तीट लावायची आहे, अशी कल्पना करा. गाल न्याहाळताना पाळणा जिथे होता तिथेच तो पुन्हा धरला नाही, तर तीट कानाला लागेल, नाहीतर उशीला. फुफ्फुसाच्या तळाकडची गाठ अशाच पाळण्यात निजलेली असते. श्वासागणिक ती खालीवर होते, चित्रात समोर दिसते आणि सुई टोचतेवेळी बरगडीआड जाते. म्हणून दीर्घ नव्हे, सहज, मध्यम आणि प्रत्येक वेळी तेवढाच श्वास रोखण्याची तालीम रुग्णाकडून त्याच्याच बोलीत आधी करवून घ्यावी. परक्या भाषेत हुकूम सोडून मोकळे होणारे आमचे तरुण डॉक्टर पाळण्याची दोरी न धरताच तीट लावू पाहतात!

बरगडीच्या खालच्या काठाशी रक्तवाहिनी असते, सबब वरच्या काठावरून शिरावे. मोठ्या गाठीचा मध्य बहुधा मृत असतो, सबब तुकडा कडेचा घ्यावा. आणि फुफ्फुसाचे आवरण एकदाच भेदून, दुहेरी सुईतली बाहेरची पोकळ सुई जागीच ठेवून तिच्यातूनच सर्व तुकडे काढावेत. या साऱ्या खबरदारीनंतरही साधारणतः पाचांतल्या एकाच्या छातीत हवा साठते; ती बहुधा आपोआप जिरते, क्वचित नळी घालावी लागते. पण आवरणात सुई असताना खोल श्वास घेतला गेला तर ते फाटू शकते, म्हणजे पुन्हा मुद्दा श्वासाचाच.

क्षयाची शंका असल्यास एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न बुडवता सलाइनमध्ये पाठवावा, नाहीतर जंतू वाढवून पाहण्याची सोयच उरत नाही. रुग्णांना एवढीच विनंती, की रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसे आधी सांगा, आणि सुई आत असताना खोकल्याची उबळ येतेसे वाटले तर संकोचाने दाबून न धरता तत्काळ डॉक्टरांना सांगा.