शुक्राकडे दुसऱ्यांदा



ग्रहाकडे यान पाठवायचं म्हणजे रॉकेट उडालं की जिंकलं, असं टीव्हीवरचा टाळ्यांचा कडकडाट ऐकून वाटतं. खरी परीक्षा पोचल्यावर असते. यान ग्रहापाशी येतं ते भन्नाट वेगात. नेमक्या वेळी इंजिन पेटवून त्याला लगाम घातला नाही, तर ग्रहाची ओढ त्याला धरून ठेवू शकत नाही.

जपानच्या ‘अकात्सुकी’चं हेच झालं. मे 2010 मध्ये तानेगाशिमा बेटावरून निघालेलं हे यान 7 डिसेंबरला शुक्रापाशी पोचलं. इंजिन बारा मिनिटं चालायचं होतं, ते तीन मिनिटांच्या आत बंद पडलं. इंधनाला दाब देणाऱ्या नळीच्या झडपेत क्षार साचला होता. इंधन कमी पडलं, ज्वाला बेसुमार तापली आणि इंजिनाच्या नोझलची मोडतोड झाली. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती भटकू लागलं.

तिथे पाना घेऊन कोण जाणार? यानावर जे शिल्लक होतं त्यातूनच मार्ग काढायचा होता. दिशा वळवण्यासाठी बसवलेले छोटे थ्रस्टर शाबूत होते. त्यांना चालण्यासाठी ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला मदत करणारा पदार्थ, लागत नाही, म्हणून मोठ्या इंजिनासाठी नेलेला त्याचा सुमारे 65 किलोचा साठा अवकाशात सोडून देऊन यान हलकं केलं. मग पाच वर्षं वाट पाहिली. या काळात यान ठरल्यापेक्षा सूर्याच्या जवळून गेलं, जास्त तापलं, पण टिकलं. बरोबर पाच वर्षांनी, 7 डिसेंबर 2015 रोजी, चार थ्रस्टर वीसेक मिनिटं पेटले आणि शुक्राने यानाला पकडलं.

कक्षा मात्र हवी तशी मिळाली नाही. तीस तासांत व्हायची ती फेरी कित्येक दिवसांची झाली. तोटा होताच, तरी दुरून अख्खा ग्रह एका नजरेत दिसत राहिला, हे मला कमी वाटत नाही.

आणि दिसलं काय? शुक्र स्वतःभोवती फिरायला 243 दिवस घेतो, पण त्याचे ढग चारेक दिवसांत त्याला फेरी मारतात. अशा वादळी ढगांच्या माथ्यावर सुमारे दहा हजार किलोमीटर लांबीची धनुष्याकृती लाट जागच्या जागी उभी होती! खाली ॲफ्रोडाइटी नावाचा उंच प्रदेश आहे. त्याला आपटून वर चढलेल्या वाऱ्याचा हा ठसा, असं शास्त्रज्ञ मानतात. ढगांचा वेग कशाने टिकतो, याचंही उत्तर बरंचसं याच यानाने दिलं: सूर्याच्या उष्णतेने वातावरणात उठणाऱ्या लाटा.

एप्रिल 2024 च्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताच्या शुक्रमोहिमेला मंजुरी मिळाली. तिच्या झडपा बनवणाऱ्या मंडळींनी अकात्सुकीच्या बिघाडाचा अहवाल एव्हाना दोनदा तरी वाचला असेल, असा माझा आपला अंदाज.