‘सर्वोत्तम’ लिहिण्याआधी

(लोणावळ्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल त्यात सांगतो की हे शैलगृह त्याने पूर्णत्वाला नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या व्यापाऱ्याचा दावा आज लोणावळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हिलाच्या आणि चिक्कीच्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या लेखात भेटतो. भूतपालाच्या दाव्यामागे मात्र सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच कोरीव चैत्यगृह उभे आहे. ते देशातले सर्वांत मोठे मानले जाते आणि त्याच्या छताच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. शेजारचे लेखही मोघम बोलत नाहीत. दरवाजा धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केला, अमुक दान सिंहदत्त नावाच्या गंध्याचे, असे नाव, गाव आणि धंदा तिथे नोंदलेला आहे.

मालाच्या प्रसारासाठी इंटरनेटवर जे लेख लिहिले जातात, त्यांच्यात नेमकी हीच नोंद गळते. विशेषण उरते. ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य ठिकाण’ हे वाक्य लोणावळ्याला लागू पडते, माथेरानला पडते, भीमाशंकरला पडते आणि आंबोलीलाही पडते. वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

चिक्कीचेच घ्या. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘एकमेव’ हे शब्द बाजारपेठेतल्या प्रत्येक पाटीवर आहेत, म्हणून लेखात ते कुणालाच उपयोगी पडत नाहीत. चिक्की करणाऱ्याला जे ठाऊक असते ते मात्र लेखात येत नाही. गुळाचा पाक कुठवर न्यायचा? थेंब पाण्यात टाकला की कडक होऊन कट्कन मोडला पाहिजे. पाक त्याआधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, जास्त झाला तर करपून कडवट लागते. दाणे किती भाजायचे, तूप लावलेल्या पाटावर लाटताना हात भराभर का चालवावा लागतो, वड्या गरम असतानाच का कापाव्या लागतात, हे त्याला रोजचे आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तर एक साधा प्रश्न हमखास पडतो: पावसाळ्यात घरी नेलेली चिक्की मऊ का होते? गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून पाकीट फोडल्यावर चिक्की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, एवढे सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो. असा लेख लिहायला पगारी लेखक लागत नाही, भट्टीवरच्या माणसाशी तासभर बोलावे लागते.

होमस्टेच्या जेवणाबद्दल ‘स्थानिक, ताजे, घरगुती’ असे लिहिले जाते. पानात वाढलेला इंद्रायणी भात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या वाणाचा आहे, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो आला, आणि म्हणून त्याला सुवासही आहे व थोडा चिकटपणाही, हे कुणी लिहीत नाही. मावळात बसून मावळाचा तांदूळ लेखातून वगळणे ही मोठी उधळपट्टी आहे.

मराठीत गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे लिहिण्याचे हे काम शंभर वर्षांपूर्वी उत्तम रीतीने झाले आहे. किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसली १९१० मध्ये. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी त्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकापुढे ‘सर्वोत्तम नांगर’ म्हणून काय उपयोग? त्याच्या मनातली शंका फेडावी लागते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचा माल आणि घडामोडी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारे हे पत्र वाढत गेले, ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. नांगर-पंपांच्या कारखान्यातून निघालेली मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत विचारांसाठी वाचली गेली. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ काढले होते. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांना मार्गदर्शिका फुकट वाटली. तिच्यात हॉटेले, गॅरेज आणि टायर बदलण्याची कृती होती. माल विकायचा होताच, पण वाचकाची अडचण आधी सोडवायची, हे या मंडळींना पक्के कळले होते.

आणि लोणावळ्यात वाचकाची अडचण कधी कधी जिवावर बेतते. श्रोतेहो, या गावात हा मुद्दा केवळ लेखनकलेचा राहत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्याच कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार माणसे दगावली. या दुर्घटना कुठल्या लेखामुळे घडल्या, असे कुणी म्हणत नाही. पण ‘गर्दीपासून दूर, कुणाला माहीत नसलेला धबधबा’ असे लिहून खोल्या विकणाऱ्याने, वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी एकाएकी चढते, हे त्याच परिच्छेदात लिहिले पाहिजे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते. कुठे जायला मनाई आहे तेही लिहावे. बुकिंग कमी होईल ही भीती खरी आहे. ती बाजूला ठेवूनच लिहायला हवे. पाहुण्यांना शोधायला पावसात दोर घेऊन उतरतात ती ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थेची मुले याच गावची आहेत.

फोटोंचीही तीच तऱ्हा. जुलैमधला कोसळता धबधबा लावून एप्रिलच्या खोल्या विकल्या की पाहुणा कोरड्या कातळासमोर उभा राहतो. फोटोखाली महिना लिहिला तर ही तक्रारच उरत नाही. लेखालाही तारीख हवी. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतरही ज्या लेखात त्याचा उल्लेख नाही, तो लेख मालकाने बरेच दिवस उघडलेला नाही हे वाचकाच्या लक्षात येते. मग त्यातले दर आणि फोन नंबरही त्याला संशयास्पद वाटतात.

शोधयंत्राच्या नादाने ‘लोणावळा व्हिला स्विमिंग पूल’ हे शब्द दर दुसऱ्या ओळीत कोंबण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये गुगलने केवळ क्रमवारीसाठी ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध आपले नियम कडक केले. असा मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याने त्यात फरक पडत नाही.

आरोग्याचे दावे त्याहून घातक आहेत. ‘सात दिवसांच्या योगशिबिरात मधुमेह बरा’ असे लिहिणाऱ्यांनी गावातच असलेल्या कैवल्यधामचा इतिहास वाचावा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली, योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरण आणि उपकरणांनी तपासले, आणि ‘योग मीमांसा’ या नियतकालिकात मांडले. लोणावळ्याचे नाव जगभरच्या योगाभ्यासकांत पोचले ते या मोजून लिहिण्यामुळे. शिवाय कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट मुक्काम घेऊन लिहिलेल्या शिफारशीत तो व्यवहार उघड सांगणेही बंधनकारक आहे.

मावळात लिहिण्यासारखे पुष्कळ पडून आहे. फेब्रुवारीच्या मागणीसाठी पॉलिहाउसमधल्या गुलाबाची छाटणी कधी धरतात, बेडसे लेण्यांच्या पायऱ्या वयस्कर माणसाला झेपतील का, भाजे लेण्यांकडे लोकलने जायचे तर मळवलीहून किती चालावे लागते, पवनाकाठच्या तंबूत रात्री वारा सुटला तर पाहुण्याने काय करायचे. यांची उत्तरे शेतकरी, रिक्षावाले आणि तंबूवाले रोज तोंडी देत असतात. येत्या पावसाळ्याआधी दुकानदारांनी आणि होमस्टेवाल्यांनी आपापल्या जुन्या लेखांतली पहिली चार विशेषणे काढावीत आणि त्या जागी यांतली चार उत्तरे घालावीत.