आमचें स्नानकुंड
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल समयीं आपण वेदीची शोभा पाहतों, घंटांचा नाद ऐकतों. परंतु ज्या स्नानकुंडापाशीं आपणांस नवा जन्म मिळाला, त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. म्हणून त्याजविषयींच चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

पुरातन ख्रिस्तसभेंत बाप्तिस्मा घेणारे पुष्कळसे प्रौढ असत. त्यांजकरितां देवळाशेजारीं स्वतंत्र स्नानगृह बांधीत. रोम शहरांत लातेरान येथें असें अष्टकोनी स्नानगृह आजही उभें आहे. पांचव्या शतकांत पोप तिसरे सिक्स्तुस ह्यांनीं त्याची पुनर्रचना केली. मिलान येथील कुंडही अष्टकोनीच होतें. इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं संत आंब्रोज ह्यांनीं संत आगुस्तीन ह्यांस बाप्तिस्मा दिला तो तेथेंच.

आठच कोन कां? सहा दिवसांत सृष्टि झाली, सातवा विसाव्याचा. त्यानंतरच्या दिवशीं प्रभु मरणांतून उठला. तो आठवा दिवस, नव्या सृष्टीचा आरंभ. नोहाच्या तारवांतही आठच जीव तरले, ह्याचें स्मरण संत पेत्र देतो. कुंडांत पायऱ्यांनीं उतरावें लागे. उतरणें हें ख्रिस्ताबरोबर पुरलें जाणें, वर येणें हें त्याजबरोबर उठणें. असें एकच पाणी थडगेंही झालें आणि मातेचें उदरही.

पुढें बालकांचा बाप्तिस्मा हीच सर्वसाधारण रीति झाली. कुंडें लहान व उंच झालीं, पायऱ्या गेल्या. अनेक कुंडांचे आठ कोन मात्र राहिले. कुंड लहान झालें, म्हणून अर्थ लहान झाला नाहीं. भय हें कीं, तो आपणच लहान करूं. बाळास शुभ्र झगा घालावा, पाहुण्यांस जेवूं घालावें, आणि दिलेलें वचन देवळाच्या उंबरठ्यावरच ठेवून यावें, असें होतां कामा नये. इ. स. १९६९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या विधींत तर आईबाप व धर्ममातापिता स्वतःच्याच मुखानें सैतानाचा त्याग करून स्वतःचाच विश्वास प्रगट करितात. तें वचन बाळाचें नव्हे, आपलें आहे.

जन्मदिवस आपण पाळतों. बाप्तिस्म्याचा दिवस किती जणांस ठाऊक आहे? तो देवळाच्या नोंदवहींत पाहावा, घरांत पाळावा, आणि मुलांस कुंडापाशीं नेऊन सांगावें, “तुझा नवा जन्म येथें झाला.” ज्युबिलीचें खरें फळ तेंच होय. प्रभु आपणां सर्वांस त्या कृपेंत राखो.