खुब्याचे माप

खुब्याचा सांधा उखळी-गोळ्याचा. कमरेच्या हाडात बाहेरच्या अंगाला एक खोल खळगा असतो आणि मांडीच्या हाडाचे गोल डोके त्यात बसते. खांद्याचा सांधाही याच जातीचा, पण तिथला खळगा उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो. खुब्याला शरीराचा भार पेलायचा असतो. त्याची खोबण खोल आणि भोवतीचे बंध जाड. तरीही मांडी सहा प्रकारे हलते: पोटाकडे वाकते, मागे जाते, बाहेर फाकते, आत दुसऱ्या पायाकडे येते, आणि जागच्या जागी आत किंवा बाहेर वळते. यातली प्रत्येक हालचाल किती अंशांवर थांबते, हे दवाखान्यात मोजले जाते.

मोजायचे कशासाठी? रुग्ण अंशांची भाषा बोलत नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, पायाची नखे कापायला पाऊल हाताशी येत नाही, असे तो सांगतो. तक्रार खरी असते, पण महिन्याभराच्या व्यायामानंतर किती फरक पडला हे तिच्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो. मात्र खुब्याचा आकडा जेवढा सहज मिळतो, तेवढाच सहज फसवतो.

साधन अगदी साधे आहे. गोनिओमीटर म्हणजे अंश कोरलेली चकती आणि तिला जोडलेल्या दोन पट्ट्या. एक पट्टी स्थिर, दुसरी फिरती. चकतीचा मध्य सांध्याच्या अक्षावर ठेवायचा, स्थिर पट्टी धडाच्या रेषेत आणि फिरती पट्टी मांडीच्या रेषेत. शून्य कुठे धरायचा, यावर मात्र पूर्वी एकमत नव्हते. कोणी सरळ पायाला 180 म्हणत, कोणी शून्य. 1936 मध्ये केव्ह आणि रॉबर्ट्स या अमेरिकन शल्यविशारदांनी सरळ उभ्या शरीराची स्थिती म्हणजे शून्य, ही पद्धत मांडली. पुढे 1965 मध्ये अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने सांध्यांच्या मोजणीची पुस्तिका काढली आणि हीच पद्धत रूढ झाली.

खरी अडचण साधनात नसून कमरेत आहे. उताण्या निजलेल्या माणसाची मांडी पोटाकडे नेली की थोड्या वेळाने कमरेच्या हाडांचा सगळा घेर तिच्याबरोबर कलू लागतो आणि पाठीची कमान सपाट होते. पाहणाऱ्याला वाटते, मांडी वाकते आहे. प्रत्यक्षात शेवटचे काही अंश कण्याने दिलेले असतात. पाय बाहेर फाकवतानाही तसेच घडते. खुबा थांबतो आणि कमर तिरकी होऊन त्याची उणीव भरून काढते. म्हणून तपासणाऱ्याचा एक हात मांडीवर असतो आणि दुसरा कमरेवर. कमर हलू लागली, त्या क्षणी खुबा संपला. आकडा घ्यायचा तो तिथलाच. हे साधले नाही, तर गोनिओमीटर कितीही महागाचा असला तरी त्याने दाखवलेला आकडा खुब्याचा नसतो.

वाकणे मोजताना रुग्ण उताणा असतो आणि गुडघा दुमडलेला. गुडघा सरळ ठेवला तर मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि सांध्याच्या आधी तेच अडतात. चकतीचा मध्य खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर येतो. निरोगी खुबा साधारण 120 अंश वाकतो.

मागे जाणे मोजायला रुग्णाला पालथे निजवतात. पण त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: पाय मुळात शून्यावर येतो का? जुन्या दुखण्यात खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. तरीही रुग्ण पलंगावर पाय सरळ टेकवून निजू शकतो, कारण तो नकळत कमरेची कमान वाढवतो आणि दोष त्या कमानीत लपतो. हा लपलेला दोष उघडा पाडण्याची युक्ती ह्यू ओवेन थॉमस यांनी 1875 च्या आपल्या ग्रंथात दिली. थॉमस हे वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. लिव्हरपूलमध्ये त्यांनी गोरगरिबांवर उपचार केले आणि क्षयाने खुबे धरलेले कितीतरी रुग्ण पाहिले. चाचणी अशी: रुग्णाला टणक पृष्ठभागावर उताणे निजवायचे, कमरेखाली हात घालायचा आणि चांगल्या बाजूची मांडी पोटाकडे न्यायची. कमान हातावर सपाट टेकली की थांबायचे. तेव्हा दुखऱ्या बाजूची मांडी आपोआप पलंगावरून वर उचलली जाते. मांडी आणि पलंग यांमधला कोन म्हणजे खुब्याचा आखडलेपणा. चांगली मांडी गरजेपेक्षा जास्त दाबली तर कमर उलट दिशेने कलते आणि नसलेला दोषही दिसू लागतो. सुमारे दीडशे वर्षांनंतरही ही चाचणी वापरात आहे. आपल्याकडे खुब्याचा क्षय अजूनही दिसतो, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना ती हातात असायलाच हवी.

फाकवणे आणि आत आणणे मोजताना आधी कमर चौकोनात आणतात. पोटाच्या खाली दोन्ही बाजूंना पुढे आलेली हाडांची टोके हाताला लागतात. त्यांना जोडणारी रेषा शरीराच्या मध्यरेषेशी काटकोनात असायला हवी. चकती एका टोकावर, स्थिर पट्टी दुसऱ्या टोकाकडे आणि फिरती पट्टी गुडघ्याच्या वाटीच्या मध्याकडे. फाकणे 45 अंशांच्या आसपास, आत येणे 30 च्या.

वळण मोजताना गुडघा काटकोनात दुमडतात आणि नडगीचा काटा म्हणून उपयोग करतात. इथे नवशिके हमखास चुकतात. मांडी आत वळली की पाऊल बाहेर जाते, आणि मांडी बाहेर वळली की पाऊल आत येते. पावलाकडे पाहून लिहिले तर दोन्ही आकडे उलटे पडतात. शिवाय बसून घेतलेला आकडा आणि पालथे निजवून घेतलेला आकडा सारखा येईलच असे नाही, कारण एकदा खुबा वाकलेला असतो आणि एकदा सरळ, आणि दोन्ही वेळा बंधांचा ताण वेगळा.

सहा हालचालींत आत वळण्याला विशेष मोल आहे. खुबा झिजू लागला की बहुधा तेच आधी हरवते. अमेरिकन संधिवात महाविद्यालयाने 1991 मध्ये खुब्याच्या झिजेचे निकष ठरवले, त्यांत 15 अंशांपेक्षा कमी आत वळण ही एक खूण धरली आहे. झिजेखेरीज आणखी एका आजारात ही हालचाल कामी येते. विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरू शकते. अशा तरुण रुग्णाचा साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो, पण मांडी आत वळवताच तो कळवळतो. त्या वेळी आत वळणे आणि फाकणे नीट मोजले, तर एमआरआयसाठी पुढे पाठवायचा निर्णय लवकर होतो.

पुस्तकातले आकडे हे सगळ्यांचे माप नव्हे. 1982 मध्ये तिशीतल्या निरोगी स्वीडिश पुरुषांची मोजणी झाली. तेव्हा वाकणे पुस्तकाप्रमाणे 120 भरले, पण मागे जाणे पुस्तकातल्या 30 ऐवजी 10 अंशांच्या जवळ आणि वळणे 45 ऐवजी तिसाच्या थोडे वर निघाले. नवजात बाळाचा खुबा तर गर्भातल्या बैठकीमुळे सुरुवातीला वाकलेलाच असतो, आणि तो दोष नव्हे. त्यामुळे रुग्णाचा दुसरा, निरोगी खुबा हेच तुलनेचे सर्वांत जवळचे माप.

जमिनीवर बसणाऱ्या समाजात आणखी एक पाहावे लागते. मांडी घालताना खुबा एकाच वेळी वाकतो, फाकतो आणि बाहेर वळतो. तीन आकडे सुटे घेतले तरी ती बैठक जमेल की नाही हे कळतेच असे नाही. शल्यविशारद हॅरिस यांनी 1969 मध्ये बनवलेली, जगभर वापरली जाणारी शंभर गुणांची खुब्याची मोजपट्टी खुर्चीत बसणे, जिने चढणे, बूटमोजे घालणे विचारते. जमिनीवरची बैठक विचारत नाही. हालचालीला तीत अवघे 5 गुण आहेत. इथल्या रुग्णाच्या कागदावर मांडी आणि उकिडवी बैठक यांची वेगळी नोंद असणे आवश्यक आहे.

मोजणीत थोडा फरक पडतोच. एकाच हाताने घेतलेली मापे आपसांत बरी जुळतात, दोन हातांची कमी. पाच अंशांच्या आतला बदल सुधारणा म्हणून सांगू नये. आधी रुग्णाने स्वतः हालचाल करायची, मग तपासणाऱ्याने हलवून पाहायची. पहिली कमी आणि दुसरी जास्त असेल, तर स्नायूंचा दुबळेपणा किंवा वेदना असण्याचा संभव मोठा. हालचाल कशी अडते तेही हाताला कळते. बंध ताणले गेले तर चामड्यासारखी अडण लागते, हाडाला हाड लागले तर एकदम टणक. ही जाणीव आकड्यात मावत नाही, म्हणून ती शब्दांत लिहायची.

नोंद पुढीलप्रमाणे होते: उजवा खुबा, उताणे, हलवून पाहता वाकणे 20 ते 95, खुबा काटकोनात ठेवून आत वळणे 5, शेवटी दुखते, अडण टणक, डावीकडे वाकणे 0 ते 120, आत वळणे 35. यातला 20 हा आकडा थॉमस चाचणीतून आलेला आहे. उजवा खुबा 20 अंशांवरच आखडलेला आहे आणि तिथून 95 पर्यंत जातो, म्हणजे त्याच्याकडे वाकण्याचे 75 अंश उरले आहेत. नुसते 95 लिहिले असते, तर हा खुबा होता त्यापेक्षा बराच चांगला वाटला असता.